छोट्या पन्ह्याचं ट्वीड आणि एक स्कर्ट : कामाच्या नोंदी

शनिवार, 12 ऑक्टोबर 2024, दसरा

आज मशीनची पूजा केली. ग्लासगोत झेंडू मिळाला नाही, शेवंती वाहिली. कोल्हापुरात आईने तिच्या मशीनला आपट्याची पानं वाहिलेला फोटो पाठवला, तेव्हा वाटलं, आता कापडाला हात घालायलाच हवा. ऑगस्टपासून कपाटात पडून आहे.

कापड हॅरिस ट्वीड, म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर विणलेलं जाड लोकरी कापड. किनाऱ्यावरच्या उलापूल गावाहून फेरीने पावणेतीन तासांत बेटावरचं स्टॉर्नोवे, तिथून बसने खाली हॅरिस. विणकराच्या घराला लागून पत्र्याची शेड, आत पायाने चालवायचा माग. 1993 च्या कायद्यानुसार हॅरिस ट्वीड म्हणवून घ्यायचं तर लोकर बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली लागते, आणि विणकाम विणकराच्या घरी, हातानेच (पायाने चालवायचा मागही त्यातच धरतात). जुन्या हॅटर्स्ली बनावटीच्या मागाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, फक्त 75 सेंमी. नवे माग 150 चे असतात. मला जुन्या मागावरचं आवडलं. ताग्याचं टोक होतं, 1.60 मीटर. मीटरला 38 पौंड, म्हणजे 60.80.

पहिली चूक तिथेच झाली. मी हिशेब न करता घेतलं. साडी नेसणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला पन्हा ही गोष्ट आठवतच नाही, साडीला तो ठरलेलाच असतो. घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा कळलं, पुढचा भाग एका लांबीत आणि मागचे दोन भाग दुसऱ्या लांबीत. बसतं, पण जेमतेम. एक काप चुकला की संपलं.

रंग सांगते, कारण फोटोत तो येतच नाही. दुरून हे कापड विटकरी दिसतं. काठाचा एक धागा ओढून दिव्याखाली धरला तर त्यात गंजका, जांभळा, मोरपिशी आणि मोहरीच्या फुलाचा पिवळा असे तंतू वेगवेगळे दिसतात. इथे कातलेलं सूत रंगवत नाहीत, आधी लोकरच रंगवतात आणि मग रंग मिसळून कातता येतात.

मापं: कंबर 78, सीट (नितंबांचा घेर) 102, उंची 62 सेंमी. साधा ए-लाइन (खाली रुंदावत जाणारा) स्कर्ट, मागे मध्यावर चेन, आतून अस्तर.

रविवार, 13 ऑक्टोबर

मशीन सिंगर 99के, हाताने फिरवायचं, दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून 35 पौंडांना आणलेलं. यातला ‘के’ म्हणजे किलबोवी. क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्यात ते बनलं, माझ्या घरापासून ट्रेनने थोडंच अंतर. कारखाना 1980 मध्ये बंद पडला, स्टेशनचं नाव अजून सिंगरच आहे. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “बघ की, तू माझ्या मशीनच्या माहेरी जाऊन राहिलीस.” तिचं मशीन पायाचं आहे, पण काळं, सोनेरी नक्षीचं, याच घराण्यातलं.

तेल घातलं, कापड पुढे सरकवणाऱ्या दातांखालचा लोकरीसारखा घट्ट झालेला मळ सुईने काढला. मग ट्वीडच्या कडेचे चार थर करून चाचणी. आधीच लावलेली 11 नंबरची सुई दुसऱ्या इंचावर मोडली. 16 नंबरची लावली तर लोण्यासारखी चालली. सुयांचं पाकीट 3.20 पौंड. टाका लांब ठेवा. बारीक टाका कापडात बुडतो आणि उसवायची वेळ आली (येतेच) तर दिसत नाही. मी इंचाला 8 ते 9 टाक्यांवर ठेवला.

एक अडचण: हे मशीन फक्त सरळ शिलाई करतं. झिगझॅग नाही, इंटरलॉक नाही. म्हणजे सगळ्या कडा हाताने.

शनिवार, 19 ऑक्टोबर

आज आटवणं. आईचा सल्ला नेहमीचाच: “आधी बादलीत भिजव, वाळव, मग बेत.” ब्लाऊजपीसला हाच नियम आहे आणि तो बरोबर आहे. पण लोकरीला? दोन तुकडे कापले, दोन्ही 10 बाय 10 सेंमी. एक गरम पाण्यात साबण घालून चोळला. दुसऱ्यावर ओलं कापड टाकून वाफ दिली.

चोळलेला तुकडा 8.6 सेंमी झाला आणि घोंगडीसारखा दडदडीत. धागे ओळखू येईनात. वाफेचा तुकडा 9.8, पोत जसाच्या तसा. आईला दोन्ही कॅमेऱ्यासमोर धरून दाखवले. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “मग वाफच दे बाई.” तीस वर्षं शिवणकाम करून तिने लोकर कधी कापलेली नाही. माझ्याकडून ती पहिल्यांदा काहीतरी शिकली, याची नोंद व्हायला हवी.

पद्धत अशी: टेबलावर ब्लँकेट, त्यावर ट्वीड, त्यावर ओला करून पिळलेला सुती पंचा, मग इस्त्री. इस्त्री फिरवायची नाही. ठेवायची, दहा आकडे मोजायचे, उचलायची, पुढे सरकायचं. फिरवली की ओली लोकर ताणली जाते. वाफ उठली आणि खोलीभर आजोबांच्या घोंगडीचा वास सुटला. पावसात शेतावरून येऊन ते ती दाराच्या खुंटीला अडकवायचे, तोच. डोळ्यांत पाणी आलं. वाफेने म्हणा हवं तर.

पूर्ण कापडाला 1 तास 40 मिनिटं लागली. रात्रभर जमिनीवर पसरून ठेवलं. सकाळी मोजलं: 160 चं 156, पन्हा 75 चा 73.5. हे न करता शिवला असता तर पहिल्याच इस्त्रीत उंची दीड-पावणेदोन सेंमीने वर गेली असती.

रविवार, 20 ऑक्टोबर

कागदी बेत काढला, जुन्या चादरीचा नमुना शिवला. सीटला 3 सेंमी सैल ठेवलं. घालून पाहिला, छान बसला. पाठीमागे कंबरेत थोडा झोल होता तो टक (कापड चिमटीत घेऊन घातलेली निमुळती शिलाई) दीड सेंमी लांब करून काढला. मी फार खूश झाले. इतकी खूश व्हायला नको होतं, ते 9 नोव्हेंबरला कळलं.

माया, म्हणजे शिलाईबाहेर सोडलेलं जादा कापड, सगळीकडे 2.5 सेंमी ठेवली. कंबरेला मात्र 1.5. “माया सोडलीस का?” हा आईचा पहिला प्रश्न असतो. आकडा सांगितल्यावर म्हणाली, “एवढी? कापड फुकटचं आहे का?” नाही, पण ट्वीडचे धागे सुटतात, अर्धा सेंमी तर हाताळण्यातच जातो.

शनिवार, 26 ऑक्टोबर

आज कापलं. आणि चुकलं.

जाड कापड दुहेरी दुमडून कापलं की वरचा आणि खालचा थर सारखा येत नाही, म्हणून एकेरी पसरून कापायचं ठरवलं. ते बरोबरच. पुढचा भाग 66 सेंमी रुंद, नीट निघाला. मागच्या भागाचा कागद ठेवला, खडूने आखला, कागद सरकवला, शेजारी पुन्हा आखला, कापला. दोन्ही तुकडे उचलून एकमेकांवर उलटसुलट ठेवून पाहिले तेव्हा पोटात गोळा आला. कागद पलटायचा राहिला होता. माझ्याकडे दोन डावे मागचे भाग होते, उजवा एकही नाही.

उरलेलं कापड 18 सेंमीची पट्टी. त्यातून कमरपट्टीच निघणार होती.

संध्याकाळचे पाच वाजले होते, उद्यापासून घड्याळं एक तास मागे जाणार म्हणजे याच वेळेला अंधार असणार. दिवा लावून तुकड्यांकडे बघत बसले. काही सुचलं नाही. कात्री ठेवून पिठलं-भात केला.

रविवार, 27 ऑक्टोबर

सकाळी खिडकीशी नेऊन एक तुकडा उलटा करून पाहिला. या कापडाला सुलटं-उलटं जवळजवळ नाहीच! वीण दोनावर-दोनाची तिरपी आहे: उभा धागा दोन आडव्यांवरून जातो, मग दोनांखालून, आणि प्रत्येक ओळीत एकाने सरकतो. त्यामुळे दोन्ही बाजूंना तेवढेच धागे दिसतात, रंग अगदी सारखा. फरक एवढाच की सुलट्या बाजूला तिरप्या रेघा उजवीकडे चढतात आणि उलट्या बाजूला डावीकडे.

म्हणजे एक डावा तुकडा पलटला की तो उजवा. मागच्या मधल्या शिलाईवर दोन्हीकडच्या रेघा एकमेकींना टेकतात आणि बाणाच्या टोकासारखं दिसतं. हातभर अंतरावरून तर मुद्दाम केल्यासारखं. हे फक्त अशा विणीवर चालतं. एका बाजूने लव काढलेलं कापड असतं तर पुन्हा 60 पौंड गेले असते. कापण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या सुलट्या बाजूला खडूने फुली मारा आणि कागदावर ‘डावा’, ‘उजवा’ असं लिहा. मला हे आई पंधराव्या वर्षापासून सांगत होती.

मग टक. चारही टक शिवले आणि बाजूला दाबले, जसे ब्लाऊजला दाबतो. टोकाशी सुपारीएवढी गाठ उभी राहिली. कापडाचे तीन थर एका बाजूला, दुसरीकडे एकच. उपाय: टकाची घडी मधोमध चिरायची, टोकाच्या 1.5 सेंमी अलीकडे थांबायचं, दोन्ही पाकळ्या उघडून दाबायच्या. खाली टॉवेल गुंडाळून घट्ट उशी केली, म्हणजे सीटचा गोलवा इस्त्रीने मोडत नाही.

याच कामात एका टकावर घाईने पंचा न ठेवता इस्त्री टेकवली आणि चकाकणारा डाग पडला. ओलं कापड ठेवून वाफ दिली, मऊ ब्रशने लव वर काढली, तेव्हा ऐंशी टक्के गेला. उजव्या कंबरेपाशी अजून दिसतो, मला तरी.

बुधवार, 30 ऑक्टोबर, रात्री

मागची आणि बाजूंची मिळून सहा कडा, प्रत्येकी 69 सेंमी, म्हणजे चार मीटरहून जास्त हातशिलाई. कडेवरून गुंडाळत जाणारा टाका, अर्ध्या सेंमीवर एक. तीन तास. दोरा ओढायचा नाही, ओढला की कड गोळा होते आणि सुलट्या बाजूने उंचवटा दिसतो.

रविवार, 3 नोव्हेंबर, भाऊबीज

भावाला व्हिडिओवरून ओवाळलं. दिवसभर चेन.

पहिल्यांदा चेन मशीनवर लावली. लावताना कापड हातात ताणलं जात होतं ते लक्षात आलं नाही. शिवून झाल्यावर चेन सापासारखी नागमोडी. उसवली. दुसऱ्यांदा कापडाच्या कडेला आतून चिकट कॅनव्हासची 2 सेंमीची पट्टी लावली, म्हणजे ताणणं बंद. कच्चा धावदोरा घातला, पुन्हा मशीन. आता सरळ बसली. मग “फक्त एकदा” म्हणून इस्त्री टेकवली आणि नायलॉनचे दात वितळले. चेन 2.60 पौंड, दुसरी 2.60 पौंड.

नवी चेन हातानेच लावली. सुलट्या बाजूला सुईच्या टोकाएवढा टाका, मागून लांब. ट्वीडच्या लवेत टाके पूर्ण बुडाले. मशीनपेक्षा चांगलं दिसतं आणि वेळ लागला फक्त 50 मिनिटं. सकाळपासून हेच करायला हवं होतं. एकूण गेले पाच तास.

बाजूच्या शिलाया मात्र सुरेख झाल्या, आणि श्रेय लाटण्याला. शिलाईखाली लाटणं ठेवायचं, त्यावर पंचा, त्यावर वाफ. माया दोन्हीकडे उतारावर झुकते, त्यामुळे तिच्या कडेचा ठसा सुलट्या बाजूला उमटत नाही. वाफ दिल्यावर लगेच वर जाड लाकडी फळी दाबून अर्धा मिनिट धरायची. लाकूड वाफ शोषतं आणि शिलाई कागदासारखी सपाट होते. भाजी कापायची फळी मी कोरी आणली, जुनीला कांद्याचा वास होता. इथल्या शिंप्यांकडे यासाठी खास ठोकळा असतो. फळीने भागतं.

शनिवार, 9 नोव्हेंबर

अस्तर व्हिस्कोसचं, 1 मीटर, 7 पौंड. त्यात टकांऐवजी चुण्या घातल्या, खालून स्कर्टपेक्षा 2 सेंमी आखूड. अस्तराबद्दल सांगण्यासारखं काही नाही, निसरडं असतं आणि टाचण्या जास्त लागतात.

पण अस्तर आत घालून घातला तर सीटला आवळला. बसताना बाजूची शिलाई कुरकुरली. चादरीचा नमुना तर सैल होता! कारण साधं आहे: चादर पातळ. ट्वीडची जाडी आतल्या बाजूने जागा खाते, अस्तर आणखी थोडी खातं. नमुना शिवायचा तर जाड जुन्या कापडाचाच शिवा, फाटकं ब्लँकेटसुद्धा चालेल.

बाजूच्या दोन्ही शिलाया उसवल्या आणि प्रत्येकीच्या दोन्हीकडून 4 मिमी सोडले, एकूण 16 मिमी. आईला सांगितलं, “अडीच सेंमी मायेने वाचवलं.” ती म्हणाली, “मायेनेच वाचतं.” पुढे लगेच कोथिंबिरीच्या वड्यांकडे वळली.

जुन्या शिलाईची रेघ दिसत होती. वाफ आणि ब्रशने ती पूर्ण गेली. लोकरीचं हे एक बरं असतं, सुईची भोकं ती स्वतःच भरून काढते. टेरिकॉटवर ती जन्मभर दिसली असती.

रविवार, 10 नोव्हेंबर

कमरपट्टी. उरलेल्या पट्टीतून तीन तुकडे काढले, जोड बाजूच्या शिलायांवर येतील असे. सरळसोट पद्धतीने आतून-बाहेरून दोन्हीकडे ट्वीड लावलं. मागच्या मध्यावर, जिथे चेन, माया, अस्तर आणि पट्टी एकत्र येतात, तिथे मशीन थांबलं. हाताचं चाक फिरेना. जोर केला तर 16 नंबरचीही सुई वाकली. कॅलिपर नाही म्हणून पट्टीने मोजलं: आठ-नऊ मिमी जाड. घालून पाहिलं तर कंबरेला टायर बांधल्यासारखं.

सगळी उसवली. आतलं ट्वीड काढून टाकलं. त्याजागी जाड दांड्यांची सुती रिबीन लावली, इथे तिला पीटरशॅम म्हणतात. एक मीटर, 1.80 पौंड. वाफेवर तिला किंचित गोलाई देता येते, त्यामुळे ती कंबरेवर चढत नाही. बाहेरच्या ट्वीडची माया पायऱ्यांसारखी कापली: एक थर 12 मिमी, दुसरा 6. मग शिलाई सुरळीत गेली. हूक हाताने लावला.

आज पाच तास, त्यातले दोन वाया.

शनिवार-रविवार, 16-17 नोव्हेंबर

स्कर्ट आठवडाभर हँगरला टांगून ठेवला होता. ए-लाइनच्या बाजू तिरप्या धाग्यावर असतात, त्या आपल्या वजनाने लोंबतात. खरंच डावी बाजू 9 मिमी खाली आली होती. खुर्चीवर उभी राहिले आणि नवऱ्याला जमिनीपासून फूटपट्टीने खडूच्या खुणा करायला लावल्या. तो इंजिनिअर आहे, प्रत्येक खूण दोनदा मोजतो. 40 मिनिटं उभी.

दुमड 4 सेंमी. कडेला जाड दुमड नको म्हणून पातळ पट्टी हवी होती, आणि ट्रंकेत साडीचे फॉल होते, इकडे येताना आईने डझनभर दिलेले. मरून रंगाचा एक घेतला, उभा अर्धा कापला. आधी गरम पाण्यात बुचकळून आटवला, कारण न आटवलेल्या फॉलने साडीची कड कशी गोळा होते ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. दुमडीची कड थोडी जास्त घेराची असते, तिच्यात धावदोरा घालून किंचित ओढून वाफ दिली. जादा घेर आटून गायब झाला. सुती कापडात इथे चुण्या पडल्या असत्या.

मग तिरपे, एकमेकांवरून जाणारे टाके, सैल. प्रत्येक टाक्यात ट्वीडचा एकच धागा उचलायचा. दोन उचलले तर बाहेरून खळगा दिसतो. सुरुवातीच्या वीसेक टाक्यांत मी दोन उचलले आहेत. उसवले नाहीत, मागच्या बाजूला आहेत.

शनिवार, 23 नोव्हेंबर

बर्ट वादळ, सकाळपासून बर्फ. स्कर्ट घालून भाजी आणायला गेले. बर्फ कापडावर पडून तसाच बसून राहिला, झटकला तर गेला, आत ओल नाही. गुडघ्यांच्या वर कुठेही वारा लागला नाही. अस्तर लोकरीच्या मोज्यांना चिकटतं, त्यावर उपाय शोधते आहे.

खर्च: ट्वीड 60.80, अस्तर 7, चेन दोन 5.20, रिबीन 1.80, दोरा 3.40, सुया 3.20. एकूण 81.40 पौंड. मशीन यात धरलेलं नाही, फॉलही नाही. वेळ 39 तास, त्यातला मशीनवरचा फार तर सहा तास. बाकी इस्त्री, हातशिलाई आणि उसवणं.

हूक अर्धा सेंमी आत घ्यायला हवा. जेवणानंतर ठीक वाटतो, सकाळी कंबर सैल लागते. उरलेली पट्टी 4 सेंमी रुंद आहे, ती कोपऱ्यात चुरगळून पडली होती. इस्त्री करून पेटीत ठेवली.